सकाळचा नीरो

आम्ही शिरूरचे, घोडनदीच्या काठचे. एका एप्रिलमध्ये पणजीला गेलो, तेव्हा कविमित्र म्हणाला, "पिऊ नकोस, नुसता बघायला चल." दोन पायऱ्या उतरून आम्ही एका जुन्या तावेर्नात शिरलो. आत चारच बाकडी.

मालक सांगू लागला. काजूचे बोंड झाडावरून तोडायचे नाही, आपोआप गळलेले वेचायचे. ते तुडवून काढलेला रस मडक्यात दोन-तीन दिवस आपणच आंबतो. भट्टीतून पहिल्यांदा उतरते ती हुर्राक. ती पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी. या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फेणी वर्षानुवर्षे टिकते. हुर्राक मात्र उन्हाळ्यापुरतीच. इंग्लंडमधली 'रिअल एल' ही बिअरही अशीच. ती पिंपातच आंबत राहते, म्हणून थंड तळघरात ठेवतात आणि पिंप उघडले की थोड्या दिवसांत संपवतात. ती टिकून राहावी म्हणून १९७१ मध्ये तिथल्या ग्राहकांनी संघटनाच काढली.

मी पीत नाही, हे कळताच मालकाने माझ्यापुढे नीरो ठेवला. नीरो म्हणजे बोंडांचा ताजा, न आंबलेला रस. गोड, किंचित तुरट. म्हणाला, "आत्ताच घ्या. संध्याकाळी तुम्हाला चालायचा नाही."

त्यात कुणी काही मिसळत नाही. हलाल-हरामच्या मध्ये फक्त काही तास!

मी म्हटले, "घरच्यांसाठी एक बाटली द्या."

तो हसला. "शिरूरला पोचेपर्यंत ती तुमची राहणार नाही."