आज तिथी कोणती?

चौक गावापासून समुद्र डोंगरांच्या पलीकडे, तरी इथल्या मासळीच्या टोपलीवर चंद्राची सत्ता चालते. उरण-पनवेलकडून येणारा बोंबील एखाद्या आठवड्यात अचानक आटतो. कारण विचारलं तर कोळीण दोन शब्दांत मोकळी होते, "भांग आहे."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. तेव्हा सूर्य आणि चंद्र एकमेकांशी काटकोनात ओढतात आणि पाण्याला जोर राहत नाही. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि एक-दोन दिवसांत उधाण चढतं. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक उधाणाला साडेतीन-चार मीटर असतो, भांगाला जेमतेम दीड. बोंबील पकडणारं डोल जाळं पिशवीसारखं निमुळतं असतं. ते वाहत्या पाण्याच्या तोंडावर बांधून ठेवतात, माशाच्या मागे नेत नाहीत. पाणी वाहिलं तर बोंबील, जवळा आत येणार. पाणीच सुस्तावलं तर डोलकराने काय करायचं?

भरतीची वेळ काढायचं कोकणातलं गणित आजही चालतं. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येतो, त्याचाच हा हिशेब. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण भरतीच्या तक्त्याशिवाय इतकं जमणं थोडंथोडकं नाही.

खोल समुद्रात मात्र चंद्राचं काम वेगळं. तिथे लाँगलाइन चालते. कित्येक किलोमीटर लांबीची मुख्य दोरी, तिला लोंबणाऱ्या उपदोऱ्या आणि शेकडो-हजारो गळ. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेच्या जहाजांनी याच पद्धतीने कुप्याचा, म्हणजे ट्यूनाचा, शोध घेतला. गळाला ओहोटीचं फारसं देणंघेणं नाही, तिथे चालतो तो चंद्राचा उजेड. माखूल आणि छोटे खोलपाण्यातले मासे रात्री चरायला वर येतात, दिवसा खाली जातात. पौर्णिमेच्या रात्री ते उजेडाला बिचकून जरा खोलच थांबतात. त्यांच्या मागावरचा स्वोर्डफिश नजरेने शिकार करतो. गार पाण्यातही तो आपले डोळे आणि मेंदू उबदार ठेवतो, त्यामुळे हलणारं भक्ष्य त्याला चटकन दिसतं. म्हणून स्वोर्डफिशवाले पौर्णिमेचे दिवस साधतात. पण गळ किती खोल सोडला यावर सगळं अवलंबून. दिवसाउजेडीही चरणाऱ्या पिवळ्या पराच्या कुप्याबाबत तर अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा 'पौर्णिमेला मासे जास्त की कमी?' हा प्रश्नच अर्धवट आहे. आधी विचारावं, कोणता मासा आणि कोणतं जाळं?

दिव्याने मासे गोळा करणाऱ्या बोटींचा हिशेब स्वोर्डफिशवाल्यांच्या नेमका उलटा. त्यांना काळोख हवा. चांदण्यात दिव्याची भूल कमी पडते, त्यामुळे पौर्णिमेच्या आसपास माशांना आपोआप उसंत मिळायची. प्रचंड ताकदीच्या एलईडी दिव्यांनी ती सवलतही कुरतडली. केंद्राने नोव्हेंबर 2017मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. तरी चोरून दिवे लावल्याच्या तक्रारी कोकणातले पारंपरिक मच्छीमार अजून करतात. माझ्या मते त्यांचं गाऱ्हाणं रास्त आहे.

चौककरांनी आपल्यापुरतं एवढं करावं. ताज्या बोंबलासाठी पिशवी घेऊन निघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहावं. अष्टमी असेल तर सुक्यावर भागवावं आणि कोळणीशी भावावरून हुज्जत घालू नये.