प्रकाशोपचारानंतरचा लाल चेहरा

वैशाखातल्या रत्नागिरीत चेहरा लाल होण्याचे नवल कोणाला वाटणार? कलमांच्या बागेतून आलेला गडी काय आणि चुलीपुढून उठलेली गृहिणी काय, दोघांचेही चेहरे तांबडेच. पण ती लाली घटकाभरात ओसरते. रोझेशिया या विकारात ती ओसरत नाही. गाल, नाक, हनुवटी येथील बारीक रक्तवाहिन्या वारंवार फुलून कायमच्या रुंदावतात. आग होते, पुटकुळ्या उठतात, काहींचे डोळेही चुरचुरतात. सावळ्या वर्णात ही लाली लपते. म्हणून पुष्कळदा तिला तारुण्यपीटिका समजले जाते.

प्रकाशाने त्वचारोग बरा करण्याच्या प्रयत्नांबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या लेसरचे तत्त्व निराळे आहे. रक्तातील लाल द्रव्य तो प्रकाश शोषते, त्याची उष्णता होते आणि रुंदावलेली रक्तवाहिनी बंद पडते. मेख आहे ती येथेच. रोग चाळवणारी उष्णता, आणि उपचाराचे हत्यारही उष्णताच! शिवाय सावळ्या त्वचेतील रंगद्रव्यही हा प्रकाश शोषते. म्हणून भाजण्याचा व काळे डाग राहण्याचा धोका आपल्याकडे अधिक.

तेव्हा उपचारानंतरची प्रत्येक लाली सारखी मानू नये. पहिले दोन-तीन दिवस लाली व किंचित सूज येते, ती अपेक्षितच असते. दिवस उलटूनही लाली वाढत गेली, आग होऊन पुटकुळ्या आल्या, तर रोग चाळवला असे समजावे. फोड आले, कातडी सोलली, तर मात्र ते भाजणे होय. तसे झाल्यास, किंवा डोळा दुखून दृष्टी अंधुक झाल्यास, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

घरी करावयाचे ते थोडेच आहे. गार पाण्यात भिजवून पिळलेले मऊ फडके चेहऱ्यावर ठेवावे. बर्फ चोळू नये. साधे, बिनसुवासिक मलम लावावे. काही दिवस ऊन, चुलीची धग, कढत चहा, तिखट व मद्य टाळावे. बाहेर जाताना छत्री आणि झिंक ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन वापरावे.

न करावयाचे अधिक महत्त्वाचे. ‘पित्त उठले’ म्हणून कोकणात अंगाला आमसूल चोळतात. पित्ताच्या गांधींवर ते ठीक असेल. पण पोळलेल्या चेहऱ्यावर आमसुलाचे, लिंबाचे आंबट म्हणजे आगीत तेलच. डाळीच्या पिठाने घासणेही नको. आणि सर्वांत घातक म्हणजे दुकानातून आपल्या मनाने आणलेली स्टेरॉइडची ट्यूब. ती लावताच लाली मावळते, मन हरखते. ती सोडताच लाली दुपटीने उसळते. महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते आणि स्टेरॉइडनेच रोझेशियासारखा विकार जडतो. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीवाचून होणाऱ्या विक्रीस बंदी केली.

चाळवलेल्या रोगावर त्वचारोगतज्ज्ञ मेट्रोनिडॅझोल, आयव्हरमेक्टिन किंवा अॅझेलेइक अॅसिडचे मलम देतात. पुटकुळ्या फार असल्यास डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. गरोदर स्त्रीने आपली अवस्था आधी सांगावी, कारण या गोळ्या तिला चालत नाहीत. गुण यायला काही आठवडे लागतात. पुढचा प्रकाशोपचार त्वचा पूर्ण निवल्यावरच घ्यावा, आणि मागच्या खेपेस काय झाले ते डॉक्टरांना सांगून त्याचा जोर कमी करवून घ्यावा.

लाल चेहऱ्याची लाज वाटते, म्हणून माणूस घाई करतो. या रोगात ती घाईच महागात पडते.