बटण दाबल्यावर ती काय करते?

व्हिडिओ गेममधल्या बाईचा विषय निघाला की बोलणं तिच्या कपड्यांपाशी येऊन अडतं. तो प्रश्न खराच आहे. पण सिनेमातली नायिका आपण फक्त पाहतो, गेममधलं पात्र आपण चालवतो. म्हणून मी आधी पाहते ते हे, की बटण दाबल्यावर ती काय करू शकते.

निन्टेन्डोच्या १९८१ च्या ‘डॉन्की काँग’मधली पॉलीन काहीच करू शकत नव्हती. वानराने पळवून नेलेली ही तरुणी पडद्याच्या वरच्या टोकाला मदतीसाठी ओरडत उभी. खाली लोखंडी तुळयांवर तिची टोपी, छत्री, पर्स पडलेली. नायक मारिओने ती उचलली की गुण मिळायचे. २०१३ मध्ये माइक मिका या अमेरिकी गेम-निर्मात्याच्या तीन वर्षांच्या लेकीने हट्ट धरला, की तिला पॉलीन होऊन मारिओला सोडवायचंय. बापाने रात्रभर बसून या खेळाच्या घरगुती आवृत्तीतली चित्रं बदलली आणि मारिओच्या ‘एम’च्या जागी ‘पी’ बसवला. पॉलीन शिड्या चढू लागली. खेळाचा एकही नियम त्यासाठी बदलावा लागला नाही.

१९८६ च्या ‘मेट्रॉइड’चं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं. चिलखतातली सॅमस आरन उड्या मारते, गोळ्या झाडते, गोल चेंडू होऊन अरुंद बोगद्यांतून सरकते. सोबतच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख पुरुष म्हणूनच होता. खेळ झपाट्याने संपवला तर शिरस्त्राण उतरतं आणि कळतं, इतका वेळ आपण एका बाईच्या हातांनी लढत होतो. विलक्षण क्षण आहे हा! मात्र तासाभराच्या आत संपवला तर ती बिकिनीत समोर येते. जिने सगळा पराक्रम केला, तिचंच शरीर खेळणाऱ्याला बक्षीस.

१९९६ सालच्या गेमनायिका लारा क्रॉफ्टवर पुष्कळ लिहून झालंय. त्यापेक्षा २०१४ सालचा वाद बोलका आहे. युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’त चौघांना मिळून खेळता येणार होतं, पण चौघेही पुरुष. बाईच्या हालचाली नव्याने कराव्या लागतील, काम फार वाढेल, असं कारण निर्मात्यांनी दिलं. याच मालिकेवर पूर्वी काम केलेले अ‍ॅनिमेटर जोनाथन कूपर यांनी जाहीरपणे सांगितलं, की हे एक-दोन दिवसांचं काम आहे. आणि कथानक कुठलं? फ्रेंच राज्यक्रांतीचं, जिथे १७९३ मध्ये शार्लट कॉर्दे या तरुणीने मारा या नेत्याला ठार केलं होतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ केला, तेव्हा सुरुवातीपासून नायिका मुलगीच होती. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये खेळ आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांत त्याला नामांकन मिळालं. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला सोडवायला राजी निघते. कथा अर्धवट वाटावी अशा जागी थांबते, हा दोष आहेच. पण राजी सर्कशीत कसरती करणारी आहे, आणि लढतानाही तेच करते: भिंतीवर धावते, खांबाला धरून गिरकी घेते, तोल सावरत त्रिशूळ चालवते. ही हालचाल तिच्या सर्कशीतल्या कामातूनच आलेली दिसते.