लाकडात कोरलेली टीका

कोलाडच्या घरात बसून मोबाईलवर एक जुनं चित्र दोन बोटांनी मोठं केलं, की कोरणाऱ्याचा हात दिसू लागतो. चित्र लंडनच्या 'पंच' साप्ताहिकातलं, 15 एप्रिल 1876चं. फेरीवाला झालेला पंतप्रधान डिझरेली व्हिक्टोरिया राणीला जुन्या मुकुटाच्या बदल्यात हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचा नवा मुकुट देऊ करतो आहे. जुने दिवे घेऊन नवे देणारा 'अल्लादीन'मधला लबाड जादूगार वाचकांच्या ओळखीचा होता. वेगळं काही सांगायची गरजच नव्हती.

चित्रकार जॉन टेनियल. त्याची एका डोळ्याची दृष्टी तरुणपणीच तलवारबाजीत गेली होती. तरी 1850 ते 1901 तो 'पंच'साठी चित्रं काढत राहिला. बुधवारी रात्री जेवणाच्या टेबलावर सगळे मिळून विषय ठरवत. गुरुवारी कच्चं रेखाटन होई आणि शुक्रवारी तो दिवसभर लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल घेऊन वाकलेला असे. छापताना चित्र सुलट उमटावं म्हणून ठोकळ्यावर ते उलटं काढावं लागे.

खरी कसोटी पुढेच. जोसेफ स्वेनच्या कारखान्यात कारागीर कोरणी घेऊन बसत. रेघ तशीच ठेवायची आणि तिच्या भोवतालचं पांढरं तेवढं कोरून काढायचं. ठोकळ्याचं लाकूड बॉक्सवुड झाडाचं; त्याचं खोड बारीक असतं, म्हणून पानभर चित्रासाठी छोटे तुकडे जोडून ठोकळा करत. घाई असली की तेच तुकडे सुटे करून अनेक हातांत वाटत आणि शेवटी पुन्हा आवळत. काही चित्रांत या सांध्यांची पुसट पांढरी रेघ आजही सापडते. ठोकळ्याची उंची छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांइतकीच असल्याने चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापता येई. ताज्या घडामोडीवरची टीका आठवड्याच्या आत लोकांच्या हातात पडे, ती या सोयीमुळे.

व्यंगचित्राचं हे हत्यार मुंबईने लवकर उचललं. 1854मध्ये 'पारसी पंच' निघाला. पुढे त्याचाच 'हिंदी पंच' झाला. बर्जोरजी नवरोजी यांच्या संपादनाखाली लंडनच्या 'पंच'मधल्या मिस्टर पंच या पात्राचा इथे 'पंचोबा' झाला, आणि वंगभंगाच्या काळात खुद्द व्हाइसरॉय कर्झनही 'हिंदी पंच'च्या चित्रांतून सुटला नाही. ज्यांच्याकडून ही कला घेतली, त्यांच्याच राज्यकर्त्यावर ती वापरणं ही मोठी हिंमत होती. ठाण्याहून मराठीत 'हिंदू पंच' निघत असे, तो वेगळा.

कोलाड-रोह्याकडच्या जुन्या घरांच्या माळ्यावर अशा पत्रांचा एखादा अंक असेल, तर तो रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयात नेऊन दाखवा.