गॅलिलिओची दोन दफनं

मंडळी, मागच्या वेळी आपण गॅलिलिओच्या खटल्यापर्यंत आलो होतो. 1633 साली त्याला शिक्षा झाली. तुरुंगाऐवजी घरातच कैद, पण जन्मभर. आज पुढचं बघू. कारण हा खटला त्याच्या मरणानंतरही संपला नाही.

फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री नावाचं गाव आहे. तिथल्या घरात 8 जानेवारी 1642 रोजी गॅलिलिओ वारला. वय 77. शेवटची काही वर्षं तो पूर्ण आंधळा होता. ज्या डोळ्यांनी गुरूचे चंद्र पाहिले, तेच गेले होते!

त्याची इच्छा होती, सांता क्रोचे चर्चमध्ये वडिलांजवळ पुरावं. टस्कनीचा राजा, ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो, याला तर तिथे भव्य स्मारक उभारायचं होतं. पण पोप आठवे अर्बन यांचा विरोध. चर्चने दोषी ठरवलेल्या माणसाचा असा सन्मान कसा करायचा? ड्यूकने माघार घेतली. गॅलिलिओला मुख्य चर्चमध्ये नाही, तर बाजूच्या एका लहानशा खोलीत पुरलं.

आता इथे एक शिष्य येतो. विंचेन्झो विव्हियानी. सतरा वर्षांचा असताना तो आंधळ्या गॅलिलिओच्या मदतीला आला आणि शेवटपर्यंत राहिला. गुरूचं स्मारक व्हावं म्हणून त्याने आयुष्यभर खटपट केली. परवानगी काही मिळेना. मग गडी काय करतो? स्वतःच्या घराच्या दर्शनी भिंतीवर गॅलिलिओचा अर्धपुतळा बसवतो आणि त्याच्या कार्याची माहिती कोरून घेतो! 1703 मध्ये तो वारला. स्मारकासाठी पैशांची तरतूद मृत्युपत्रात करून गेला.

अखेर 12 मार्च 1737 रोजी, म्हणजे 95 वर्षांनी, गॅलिलिओचे अवशेष मुख्य चर्चमध्ये हलवले. विव्हियानीचेही सोबतच. समोरच्या बाजूला मायकेलअँजेलोची कबर आहे. त्या वेळी जमलेल्या चाहत्यांनी गॅलिलिओची तीन बोटं आणि एक दात काढून घेतला. संतांचे अवशेष जपतात ना, तसं! त्यातलं एक बोट आज फ्लॉरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयात काचेच्या पात्रात आहे.

एक गोष्ट ध्यानात घ्या. 1737 मध्येही त्याचं पुस्तक बंदी-यादीत होतंच. म्हणजे माणसाला आत जागा मिळाली, विचाराला अजून नव्हती. त्या विचाराचं पुढे काय झालं, ते पुढच्या व्याख्यानात.