काळ्या रंगात किती रंग

3 फेब्रुवारी 2025 ला मुंबईतल्या विजेच्या गाडीला शंभर वर्षं झाली. कौतुक झालं, व्हायलाच हवं. वाफेच्या वाट्याला मात्र आपल्याकडे वर्षातून एकच दिवस येतो, 16 एप्रिल. 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे... ठाणेकरांना हे तोंडपाठ. पुढच्या वर्षी गाडी कल्याणला आली, 1930 पर्यंत घाटांतही वीज पोचली. इतिहास संपला!

आमचा कुठे संपला होता? सत्तरच्या दशकात कल्याणच्या यार्डात शंटिंगला कोळशाचीच इंजिनं असत. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसली की आई रेल्वेचा उद्धार करी. राखेच्या ढिगातून बायका अर्धवट जळके कोळसे वेचत. आणि आम्ही, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेची तयारी करणारी पोरं, कॅमलची रंगपेटी घेऊन कुंपणापाशी बसायचो. इंजिन काही आमच्यासाठी थांबत नसे. कागदावर बॉयलर ओला असतानाच ते निघून जाई, मग चाकं दुसऱ्याच इंजिनाची काढायची. आमच्या चित्रकलेच्या सरांनी पेटीतल्या काळ्या वडीला हात लावायची बंदी केली होती. निळ्यात तपकिरी मिसळा, म्हणायचे, आणि आधी नीट बघा: तेलाच्या ओघळाशी जांभळट, भट्टीच्या दाराशी तांबूस. एवढं बघायला मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. कलेची पदवी देणाऱ्यांनीसुद्धा नाही.

मग वाफ गेली. माथेरानची गाडीही डिझेलवर गेली, 1995 मध्ये ब्रॉडगेजवरचं शेवटचं इंजिन थंडावलं. उरली ती चौथऱ्यांवर चढली, आणि तिथे त्यांना ऑइल पेंट फासला गेला. चकचकीत काळा, चाकांना लाल, कडांना चांदी. लग्नातल्या घोड्याला यापेक्षा बेताने सजवतात. अशाच एका इंजिनासमोर परवा बोर्ड मांडून बसलो, तर सुरक्षारक्षकाने उठवलं. मोबाइलवर फोटो काढा, म्हणाला, चित्राला परवानगी लागते. फ्रेंच चित्रकार मोनेला 1877 साली पॅरिसच्या सेंट लझार स्थानकात, चालू गाड्यांच्या धुरात उभं राहून रंगवायला परवानगी मिळाली होती. इथे अडथळा कुणाला होणार होता? इंजिन तर जागचं हलणारही नव्हतं.

रेल्वेला विनंती एवढीच, की पुढच्या रंगरंगोटीच्या वेळी चांदीचा डबा उघडू नका आणि चित्र काढणाऱ्याला बसू द्या. कलाशिक्षकांनो, तुम्हीही पोरांना मोबाइलमधल्या फोटोवरून इंजिन काढायला लावू नका. डोंबिवलीहून कर्जत लोकल धरा, नेरळला उतरा. माथेरानचं जुनं इंजिन तिथे उभं आहे.