तबकडी आणि पूर्ववर्धक

शुक्रवार पेठेतील एखाद्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्या असतील, तर त्या संगणकात उतरविण्यापूर्वी पूर्ववर्धक, म्हणजे प्रीअँप्लिफायर, नीट पारखून घ्यावा.

त्याची कामे दोन. पिकअपमधून येणारी वीज बहुधा अवघी पाच मिलिव्होल्ट. ती शंभरपट वाढविणे हे पहिले. दुसरे अधिक नाजूक. खोबणीत जागा पुरावी म्हणून तबकडी कोरताना खर्ज दाबतात, आणि खरखर झाकावी म्हणून तारस्वर वाढवितात. वाजविताना याच्या नेमके उलट करावे लागते. त्यासाठी १९५४ साली अमेरिकेत ‘आरआयएए’ हे प्रमाण ठरले, त्यानंतरची एल. पी. बहुधा त्यावरच चालते.

परंतु ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्या त्याआधीच्या. त्यांत कंपनीगणिक प्रमाण निराळे. भोंग्यासमोर गाऊन घेतलेल्यांना तर असे प्रमाणच नव्हते. त्यांना आरआयएए लावले की तारस्वर दबतात व गवयाचा गळा कोंडल्यासारखा वाटतो.

तेव्हा केवळ एल. पी. असतील तर साधा पूर्ववर्धक पुरे. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ यांच्या ७८च्या तबकड्या असतील, तर प्रमाण बदलता वा बंद करता येणारा घ्यावा आणि सुईही ७८साठीची जाड असावी. उतरविलेला मूळ ध्वनी तसाच जपावा. दुरुस्ती नकलेवर करावी. तबकडी प्रत्येक फेरीला झिजते. ध्वनी एकदाच, पण नीट उतरवावा, हे बरे.